उत्तर

रविवार कारंजावर, सायकलच्या दुकानावर आमचं ऑफिस.
अमोनियाचा वास साडीतून रविवारीही जायचा नाही.
मी ट्रेसर. चुकलेली भिंत ब्लेडने खरवडायची
हलक्या हाताने, कागदाला भोक न पाडता.

गास्तों व्हेर्निए सातपूरला कॅन्टीन बांधायला आला
तेव्हा त्याच्या नावावर एक शाळा होती
आणि एक गळकं चर्च.
हे त्यानेच सांगितलं, हसत.
कामगार त्याला व्हर्नियर म्हणत,
इतका तो दशांश मिलिमीटरसाठी अडून बसायचा.

पण त्याच्या नकाशावर दिशा नव्हती.
मी विचारलं, ‘साहेब, उत्तर?’
बाकऱ्यांनी इंग्रजी केलं: बाईंना जवाब हवाय.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
‘कुठल्या प्रश्नाचा?’

मग मी खिडकीतून हात केला, दिंडोरीकडे.
आमची नदी रामकुंडाशी दक्षिणेला वळते,
तिथे वाहत्या पाण्याकडे पाठ करून उभं राहिलं
की समोर उत्तर. एवढं सोपं.

त्या रात्री त्याने अख्खं कॅन्टीन एकवीस अंशांनी फिरवलं.
चौदा शीटा मी पुन्हा काढल्या,
प्रत्येकीच्या कोपऱ्यात बाण,
शेपटीला तीन तुटक रेषा, धावदोऱ्याच्या टाक्यासारख्या.
दुपारी दोनच्या शिफ्टला
भिंतीला पाठ टेकून जेवता येऊ लागलं.

पुढे तो मोठा झाला. डाकारचं इस्पितळ,
मार्सेच्या मासळी बाजाराचं छत, सुवर्णपदक,
म्हातारपणी एक काचेचा मनोरा,
ज्याच्याबद्दल तो म्हणे बोलायचा नाही.
मला एकदा कार्ड आलं, दोन ओळी:
कॅन्टीन गळतं का?
तेव्हा माझं लग्न ठरत होतं,
परदेशी तिकिटाचे पैसे बाकऱ्यांकडे मागायला लाज वाटली.

कारखाना बंद पडला. कॅन्टीनमध्ये आता द्राक्षांचे खोके रचतात.

परवा भाचीने फोनवर त्याचे नकाशे दाखवले.
तो गेल्याची बातमी, खाली यादी.
यादीत सातपूर नाही.
मी बोटांनी एकेक कोपरा मोठा करत गेले.
डाकार: बाण, तीन टाके.
मार्से: तीन टाके.
मनोऱ्याच्या कोपऱ्यात काहीच नाही.

भाची म्हणाली, आत्या, काय शोधतेस?

गळतं, साहेब.
हात धुवायच्या बेसिनपाशी, शहाऐंशीपासून.
गच्चीचा उतार अर्धा इंच कमी पडला.
कळवायचं राहिलं.