धोटा उडाला त्यानंतर

मंगळवारी, दुसऱ्या पाळीत,
अकरा नंबरच्या मागावरून धोटा उडाला.
कुणाची चूक नाही. लाकूड आहे, उडतं.
मी हात मध्ये घातला, एवढंच.
उजव्या मनगटात दोन हाडं,
फोटोत दिसली काडेपेटीतल्या काड्यांसारखी,
एकीवर एक कललेली.

सहा आठवडे, डॉक्टर बुर्ला म्हणाले.
पगाराचं विचारायला हवं होतं.
मी विचारलं, बैठका चालतील का?
ते चष्म्यावरून बघत राहिले :
पायाला काय झालंय तुमच्या?

तर पहाटे साडेपाचला
गळ्यात झोळी, झोळीत हात,
साखर पेठेतून निघायचं, किल्ल्याच्या भिंतीकडेनं
सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत.
तेव्हा कळलं, माणूस हातांनीही चालतो.
झुलायला एकच उरला की
पाऊल जरा डावीकडे ओढतं,
एका काठाला ताणा ढिला पडलेल्या
चादरीसारखं.

तालमीत हळकुडे वस्ताद म्हणाले,
जोर बंद, डंबेल बंद, तक्रार बंद.
बैठका सुरू.
दोनशे झाल्या की घाम प्लास्टरात उतरायचा
आणि खाज सुटायची, थेट हाडाला.
पोराची मोजपट्टी आत घालून खाजवलं.
भूदेवीनं मोजपट्टी काढून घेतली,
पोरानं ती परत घ्यायला नकार दिला.

डावा हात तोवर नवशिक्या कामगारासारखा :
बटण लावायला पाच मिनिटं,
सही म्हणजे किडा शाईत पडून चालत गेलेला.
कडक भाकरी एका हातानं मोडत नाही.
गुडघ्यावर धरून ठोसा मारला,
तुकडे मोरीपर्यंत गेले,
शेंगाचटणी माझ्या मिशीत.
सगळं घर हसलं. मीही हसलो, थोडा उशिरा.

प्लास्टर कापलं त्या दिवशी
आतून दुसऱ्याच कुणाचा हात निघाला.
आठवडाभर टोपलीत राहिलेल्या गवारीसारखा,
सुरकुतलेला, वाकलेला.
व्यायाम शिकवायला तरन्नुम बागवान.
वय बावीस, आवाज जॉबरचा.
म्हणाली, ओला टॉवेल पिळायचा, दिवसातून तीनदा.
टॉवेल आहे ना घरी?
अठरा वर्षं टॉवेलच विणतोय मी, बाई,
आणि सोलापुरात बसून मला विचारता?
पण पिळायला घेतला
तर एक थेंब पडला.
दुसऱ्या दिवशी तीन.
मी थेंब मोजायचो, जशा आधी बैठका.

एके दुपारी भूदेवी सूप पुढे सरकवून म्हणाली,
तो रबरी चेंडू काय दाबत बसलायस?
हे वळ.
कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू,
अंगठा वर, तर्जनी खाली, फिरव,
टोक मुडप, दोरा.
मेल्लगा, मेल्लगा.
माझी पहिली विडी गरोदर, दुसरी फुटली,
तिसरीला तिनं नावच ठेवलं नाही.
पाऊण तासात माझ्या अकरा.
ती शेजारणीशी भांडत होती, पोराला पाढे विचारत होती,
खाली बघतही नव्हती,
तिच्या नव्वद.

मनगटातून कळ निघून कोपरापर्यंत गेली
तेव्हा मी तिच्या हाताकडे पाहिलं.
रोज हजार. छाट निघाली तर आणखी वर.
रात्री ती उजवा अंगठा
डाव्या मुठीत धरून झोपते.
मला वाटायचं, सवय आहे.

तरन्नुमला सांगितलं तर म्हणाली, घेऊन या.
भूदेवी आली नाही. बुधवारी कारखान्यात विड्या द्यायच्या असतात,
गुरुवारी पान भिजवायचं असतं.
मग तिथं जे शिकतो ते मी घरी आणतो,
विसरतो त्यातलं निम्मं.

आता दिवे लागल्यावर घमेल्यात कोमट पाणी,
त्यात दोन उजवे हात.
मूठ मिट, मूठ उघड.
माझी अजून पुरती मिटत नाही,
तिची पुरती उघडत नाही.
मोजते तीच, ओकटी, रेंडू, मूडू,
आणि सातावर पोचली की हटकून विचारते
मागावर परत कधी जाणार.
मी म्हणतो, आठ.