मागे माणूस आहे

त्याचा चेहरा मला नीट आठवत नाही.
पाठ आठवते.
चार मोसम मी तिच्या मागे उभा होतो,
हातमोज्यांत थुंकत, बोटं चोळत,
आणि समोर ती: चारचा आकडा, घामाचा ओघळ,
मानेवर लहानपणी भाजल्याचा डाग.
सेलोम अग्बोजान, स्टॉपर,
टोगोतल्या आनेहोच्या खाजणाकाठचा.

शेशुपे नदीच्या आमच्या काठावर
तो आला फेब्रुवारीत, एका बॅगेनिशी,
पायांत कापडी बूट.
मैदान पत्र्यासारखं वाजत होतं.
पहिल्याच सरावात घसरून उताणा पडला
आणि आभाळाला काहीतरी विचारलं, त्याच्या भाषेत.
आम्ही हसलो.
तोही हसला, जरा उशिराने.

सहा वर्षांत चौथा देश.
कोतोनू, स्फॅक्स, लार्नाका, मग हे.
प्रत्येक भाषा त्याला तीन आरोळ्यांपुरती यायची:
माझा. सोड. मागे माणूस आहे.
पाव मागता यायचा नाही, पण धोका सांगता यायचा.
त्याची चौथी भाषा माझ्या घशातून आली,
नव्वद मिनिटं, वाऱ्याविरुद्ध.
बदल्यात त्याने मला एक शब्द दिला: मेग्बे.
म्हणजे मागे.
पाठीलाही तेच म्हणतात, म्हणाला,
आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

गोल मारणाऱ्यांची सगळी नोंद असते.
एका नोव्हेंबरात, अर्धा पाऊस अर्धा बर्फ,
त्यांचा नऊ नंबर वळायच्या आत
सेलोम दोन पावलं डावीकडे सरकला.
दोनच.
पास आलाच नाही.
तीनशे लोक चहाच्या रांगेत होते.
ते मी पाहिलं, आणि कदाचित त्या नऊ नंबरने.

दर महिन्याला त्याच्या फोनवर एका भिंतीचा फोटो यायचा.
जुलैत गुडघ्याएवढी, सप्टेंबरात कमरेएवढी,
बाजूला बहीण अकोफा, मापाला उभी.
क्लबने पगार थकवला तेव्हा
भिंत तिच्या कमरेशीच थांबली, वसंतापर्यंत.
फ्री किकला मी त्याला हाताने हलवायचो:
डावीकडे, अजून अर्धं पाऊल, बस.
मधे उभा राहून तो डोळे मिटायचा नाही.
बाकीचे मिटायचे.

वडील गेले मंगळवारी.
क्लबने दोन दिवस दिले. वाटच तीन दिवसांची.
शनिवारी तो खेळला.
अकरा चेंडू डोक्याने परतवले, मी मोजले,
बाराव्याला डोकं लागलं आणि चेंडू
माझ्या उजव्या हाताजवळून आत गेला.
आमच्या जाळ्यात.
चार वर्षांत त्याच्या नावावर तेवढाच एक.

मग पूर्वेच्या कठड्यावरून तो आवाज आला
जो मी इथे लिहिणार नाही.
ओरडणाऱ्यांतला एक माझ्याच कारखान्यातला,
खिडक्यांच्या चौकटी आम्ही एकाच बाकावर तासतो.
सेलोमने कंबरेवर हात ठेवले, मागे वळला,
माझ्याकडे पाहिलं.
हो, तेव्हा चेहरा पाहिला होता मी.
मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिलो.
ती सुटलेली नव्हती.

त्याने कधी विषय काढला नाही.
सोमवारी नेहमीसारखा आला, कोन मांडले,
माझ्यासाठी एक केळं ठेवलं बाकावर.
जूनमध्ये गुडघा गेला, करार संपला,
बस स्टँडवर मी उशिरा पोचलो.
खिडकीतून दिसली ती पाठच;
ड्रायव्हरशी बॅगेवरून काहीतरी हुज्जत चालली होती.

आता माझ्यापुढे ताडास असतो, एकोणीस वर्षांचा, गावचाच.
चांगला आहे. उंच आहे. मोबाइल फार पाहतो.
परवा त्याच्या खांद्यामागून एक जण सुटला
आणि मी जिवाच्या आकांताने ओरडलो,
मेग्बे!

पोरगं गोंधळलं.
वळून माझ्याकडे बघत राहिलं,
काय म्हणालास, म्हणून.
चेंडू केव्हाच आत होता.