सब्जा

एप्रिलच्या मध्याला मेसच्या पोरी
जेवायच्या बंद होतात.
वरण दिसलं की तोंड फिरवतात,
वांग्याला नावं ठेवतात, बारशाला आल्यासारखी.
बारा डबे गेले, अकरा तसेच परत.
परभणीत बेचाळीस, त्रेचाळीस,
आणि माझ्या ओट्यापाशी किती
ते मोजायला कुणी येत नाही.

पूर्णेची शर्वाणी लोमटे, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची,
मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून म्हणाली,
मावशी, पेस्टो करू.
म्हटलं, कसला पिस्ता?
पिस्ता नाही हो. पाल्याची चटणी. इटलीची.
पाला दाखवला. मी बोटानं मोठा करून बघितला.
अगं, हा तर सब्जा.
हा तर गौसियाबी विकते
दर्ग्याच्या कमानीखाली, गुलाबाच्या शेजारी,
कबरीवर वाहायला.

गौसियाबीनं ओल्या फडक्यातून दोन जुड्या काढल्या.
कुणासाठी, तिनं विचारलं, आवाज उतरवून,
गेलेल्याचं विचारतात तसं.
मी म्हटलं, खायला.
पाणी शिंपडता शिंपडता तिचा हात थांबला.
बी खाते हैं बाई, फालूदे में. पत्ता कौन खाता?
मग हसली.
खाओ, खाओ. उनो कुछ नई बोलते.

तिकडं कसल्याशा झाडाचे दाणे घालतात.
माझ्याकडे गोडंबी होती,
भाचीच्या बाळंतपणाच्या लाडवांतून उरलेली.
बिबा फोडून ती काढणाऱ्या बाईची बोटं
मी जिंतूरच्या बाजारात पाहिलीत,
काळी, उतलेली.
म्हणून गोडंबी मी मोजून घालते. कंजूष म्हणा.
तेल करडीचं, घाण्यावरचं.
लसूण चार पाकळ्या, मीठ.
चीज आणलं होतं, त्याला रिक्षातच ऊन लागलं,
तर टांगलेला चक्का घातला मूठभर,
मोबाईलमधल्या बाईनं काही हरकत घेतली नाही.

पहिला घाणा मिक्सरमध्ये. काळा पडला,
टाकीच्या तळाच्या शेवाळासारखा.
शर्वाणी रडायच्या बेतात.
म्हटलं, बनी तो बनी,
नाहीतर परभणीतच आहोत की.
दुसऱ्या घाण्याला लाईट गेली.

मग दगडी खल.
हळू. पानाला राग येऊ न देता.
कुटायचं नाही, कडेकडेनं रगडायचं,
तेल थेंबाथेंबानं, हट्टी लेकराला औषध पाजावं तसं.
आणि असा वास उठला घरभर
की बंद कूलरमधल्या वाळ्यानं
मान खाली घातली असेल.

पास्ता?
पास्ता वर फळीवर होता, पत्र्याच्या डब्यात:
गच्चीत बाजेवर वाळवलेल्या गव्हाच्या शेवया.
आजवर दूध-गूळ, फार तर आमरस,
एवढंच पाहिलेलं त्यांनी जग.
उकडल्या, निथळल्या, हिरव्यात घोळल्या.
बारा डबे गेले. तीन परत आले.
एकात चिठ्ठी: वरण बरं होतं.

उरलेलं मी चार दिवस पुरवलं.
वर तेलाचा थर राहू द्यायचा, मग टिकतं.
ज्वारीच्या गरम भाकरीवर,
कैरीच्या फोडीला लावून,
ताकात चमचाभर, जिऱ्याच्या जागी,
आणि रात्री अकराला उभ्यानं, बोटानं,
झाकण दुसऱ्या हातात धरून.

एक डबी गौसियाबीला.
तिनं आधी डबी हुंगली,
मग स्वतःचे तळहात.
खाल्लं. बराच वेळ बोलली नाही.
मधेच गिऱ्हाईक आलं, दहा रुपयांचा सब्जा, एक चादर,
त्याला दिलं, सुट्टे मोजून दिले.
मग म्हणाली, नमक कम है.

दोन काड्या खिडकीत पेल्यात ठेवल्यात.
एकीला खाली पांढरं काहीतरी फुटलंय.
मूळ असेल, नाहीतर बुरशी.
टँकर गुरुवारी.