डावा पीळ

धडगावच्या एस.टी.तून उतरलेला पोरगा
टॉवेलात गुंडाळून हासळी घेऊन आला.
म्हणाला, आजीची. मोडायचीय.
काट्यावर एकावन्न भार.

माझा धंदा आटणीचा,
शहाद्यात, सराफ गल्लीच्या तोंडाशी.
माझ्याकडे चांदी येते ती शेवटचीच.
मुशीत उतरली की वाळा काय, वाकी काय,
सगळ्यांचं एकच पाणी.

पण एक खोड आहे मला,
आधी उलटून बघतो.
समोरची बाजू सगळेच नटवतात.
कारागीर सापडतो मागे,
कानस फिरवायचा कंटाळा केलाय तिथं,
टाकणखाराचा पिवळट डाग राहून गेलाय तिथं.
तळोद्याचा झुंबर आप्पा आठ पाकळ्यांचं फूल कोरायचा,
सणासुदीच्या घाईत सात.
प्रकाशाचे दोघे भाऊ डाखात कंजूष,
त्यांच्या कड्या आधी सुटतात.
आणि एका गावाचं नाव मी घेत नाही,
त्याच्या मालावर तेजाबाचा थेंब हिरवा पडतो.

ह्या हासळीवर थेंब दुधासारखा फुटला.
कडीपाशी, आतल्या अंगाला,
तांदळाच्या कणीएवढा ठसा: उ दु.
उखर्डू दुसाने.
सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारामागं
पाल टाकून बसायचा म्हणे.
माणूस पाहिला नाही मी, माल पाहिलाय,
गेली बावीस वर्षं मीच आटवतोय तो.
जड हात, सरळ काम, पीळ उजवा,
सगळ्यांचाच असतो तसा, स्क्रूसारखा.

ही डावीकडे वळत होती.
कडीपासून कडीपर्यंत, अख्खी.
चूक असती तर एखाद्या वेढ्यात असती.

दुपारी शटर अर्धं ओढून मोटारसायकल काढली.
तापीच्या पुलावर वारा इतका गरम,
की खिशातली हासळी मांडीला भाजत होती.
दुसान्यांच्या ओट्यावर आता मोबाइल रिचार्ज,
ऐरणीवर चपला वाळत घातलेल्या.
मागच्या पडवीत सुपडाबाई वाती वळत बसलेली.
"कोठून उना रे भाऊ?"

हासळी तिच्या मांडीवर ठेवली.
डोळ्यांत मोतीबिंदू,
तिनं अंगठा फिरवला नुसता.
सावकाश, जसं कुणी
झोपलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतं तसं नाही,
हिशेब तपासावा तसा.
एका जागी अंगठा थांबला.
"आठे जराशी जास्ती तपी गयथी."

मी म्हटलं, कुणी घडवली ही?
"त्यास्नी. ठसा देख ना.
मी ते निस्ती फुकनी फुकू."

एवढंच. मग तिनं नातसुनेला चहा सांगितला,
चांदीचा आजचा भाव विचारला, ऐकून हसली,
आणि कापसाचा पेळू घेऊन
पुन्हा वात वळायला लागली,
डाव्या तळव्याखाली.

मी चहा प्यायलो. बशीत सांडलेलाही.
विचारायचं होतं ते विचारलं नाही,
ती सांगणारही नव्हती.

पोराला पैसे त्याच दिवशी दिले.
हासळी गल्ल्यात आहे, बिलाच्या पुस्तकाखाली.
बायको दोनदा म्हणाली, एकावन्न भार अडकवून ठेवलेत,
मूस काय शोभेला तापवता?

रात्री जुन्या वह्या काढल्या.
तारीख, गाव, वजन,
आणि कारागिराच्या रकान्यात माझ्याच अक्षरात
उ दु, उ दु, उ दु.
पीळ उजवा, असं मी म्हणालो खरं.
पण एकाचाही पीळ
मला आठवत नाही.
ठसा दिसला की मी वाचायचं थांबत होतो.