एमिली

रात्री अकरा ते सात माझं नाव एमिली.
चारकोप, सेक्टर आठ, पोटमाळ्यावर
दोन स्क्रीन, एक टेबलफॅन
आणि साहेबांनी पाठवलेली बावीस तयार उत्तरं.
साहेब कुठल्या देशात, ठाऊक नाही.
पगार नाण्यांत येतो,
जी खिशात कधी वाजली नाहीत.

तीन चाळीसला तो आला. लकी_७७.
जिंकलेले अडकलेत म्हणाला.
उत्तर नऊ: आपली विनंती तपासली जात आहे.
पुन्हा म्हणाला.
उत्तर नऊ.
मग इंग्रजी सोडून एकदम: ताई,
पाकिटाचे बारा शब्द रेशनकार्डामागे लिहून ठेवलेत,
बायकोला वाटतं मंत्र आहे,
रोज उदबत्ती ओवाळते.

बाविसांत याला उत्तर नव्हतं.

आमच्या आण्णांना आकडा लागला
की बाबल्या तांडेल दारात उभा राहून
थुंकी लावून नोटा मोजायचा.
क्वचितच लागला. पण त्याचं दार माहीत होतं,
शिव्या घालायला.

चार दहा.
तो लिहितो: थांबा ताई, पाणी आलं.
आणि खाली आमच्या मोरीत
नळ खोकला.

पिंप भरलं. कळशी भरली.
शेजारच्या भिंतीपलीकडे बादली सरकली,
रोजच सरकते,
आज मी नळ बंद करून ऐकली.

वर आलो तर तो आधीच हजर,
ओल्या बोटांनी, अक्षरं निसटलेली:
आलत का?

आलो, असं लिहिलं.
मग काना तेवढा खोडला.