लोकसहभाग : निरंक

एकाच कौलांखाली दोन पाट्या आमच्या खारवण्यात.
डावीकडे अंगणवाडी, उजवीकडे विरंगुळा केंद्र,
मधल्या खोलीत माझी शेगडी आणि एकच टोप.
टोपाला दोन खाती ठाऊक नाहीत.
मला ठेवावी लागतात.

पोरामागे आठ रुपये, म्हाताऱ्यामागे बावीस.
देयकं दोन, टेबलं दोन,
दोन्ही टेबलांमागची खुर्ची सारखीच रिकामी.
मीठ कुठल्या योजनेतून पडलं
हे मी आमटीलाच विचारून पाहिलं एकदा.

पाच महिने बिल नाही.
हसनमियां मुजावर उधारी पेन्सिलीनं लिहितात,
म्हणतात, शाईनं लिहिलं की माणूस घाबरतो.
बचत गटातल्या बाकीच्या आता वाट बदलून पाण्याला जातात.

मंजुरी वीस म्हाताऱ्यांची.
एकविसावे लवू तांडेल.
अकराला, फोडणीचा आवाज आला की
बाहेरच्या गडग्यावर येऊन बसायचे, तोंड खाडीकडे.
‘‘जेवूक नाय इलंय गो. वारो बघतंय.’’
मी म्हटलं, बघा.
वारा रोज बरोबर साडेबारापर्यंत असायचा.

पोरांच्या वहीत तेरावं नाव निराजन रोकाया.
बाप कलमांच्या बागेत राखणीला होता, नेपाळचा.
पोरगं भाताचा एकेक घास अंगठ्यानं दाबून,
शिक्का मारल्यासारखा, मग खायचं.
आंबा संपला, आगोटीच्या आधी दोघं गेले.
नाव गेलं नाही.
नाव काढायला स्थलांतराचा दाखला लागतो,
दाखल्याला बापाची सही,
आणि बापाचा फोन लागत नाही.
मग तेराव्याचा तांदूळ रोज येत राहिला,
तेराव्याचा भात रोज शिजत राहिला,
आणि शिजलेलं काही कुणी परत डब्यात भरत नाही.

‘‘माका त्या झिलाच्या जाग्यार लिव,’’ लवूकाका म्हणाले,
‘‘दात त्याच्यापेक्षा कमीच आसत माजे.’’
मी हसले, आणि ताट वाढलं.
लिहिलं मात्र नाही. ताट वाढणं वेगळं, लिहिणं वेगळं.

मग सरकारी फोनला चेहरे हवे झाले.
जेवणाऱ्या प्रत्येकाचा, जेवायच्या आधी.
काकांनी टोपी काढली, केसांना पाणी लावलं,
वाकून फोनसमोर डोळे मोठे केले.
फोन बराच वेळ फिरला.
चेहरा जुळत नाही, असं हिरव्या अक्षरांत म्हणाला.
‘‘माज्या सुनेक पण जुळणा नाय,’’ काका म्हणाले
आणि टोपी घालून परत गडग्यावर गेले.

कार्तिकात पैसे आले.
सोबत कागद : एक लाभार्थी प्रत्यक्ष आढळत नाही,
सव्वीस दिवस, रुपये दोनशे आठ वजा.
मी कागद कुणाला दाखवला नाही.
पण भिंती पातळ आहेत,
आणि विरंगुळा केंद्रात करमणूक फारशी नसते.

दोन दिवस गडगा रिकामा.
तिसऱ्या दिवशी ओहोटीनंतर काका आले,
गुडघ्यापर्यंत चिखल, लुंगीचा ओचा जड.
माझ्या परातीत तिसऱ्या ओतल्या,
खाडीचा वास अख्ख्या खोलीत.
‘‘मोजून घे. दोनशे आठ आसत.
मी कोणाचा ठेवणंय नाय.’’

तक्त्यावर त्या दिवशी मटकी होती.
तक्ता भिंतीकडे फिरवला आणि नारळ फोडला.
पोरांनी शिंपल्यांच्या वाट्या केल्या, भांडणं केली,
एकीनं पाणी पिऊन दाखवलं.
पाटकर आजींनी तिखट कमी म्हणून तक्रार केली.

संध्याकाळी वही मिटताना दिसला
शेवटच्या पानावरचा तो रकाना, लोकसहभाग.
अकरा वर्षं मी तिथे निरंक लिहीत आले,
हात आपसूक तोच शब्द लिहायला गेला होता.
थांबवला. लिहिलं :
लवू बाबाजी तांडेल यांजकडून
तिसऱ्या, नग दोनशे सात.

एक कमी भरली होती.
काकांना मी बोलले नाही.
उद्या पर्यवेक्षिका मॅडम विचारतीलच.