नेत्ती

गर्लगुंजीला, माहेरी, परसातल्या जांभ्याच्या गडग्यावर
दहाच्या उन्हाला एक सरडा येतो.
मान वरखाली करतो. पोरं म्हणतात, आपल्यालाच वेडावतोय,
आणि दगड उचलतात.

तंगेव्वा बाळाला पायांवर घेऊन बसलेली.
"नेत्ती अजून भरलं नाही बघ," म्हणते,
आणि तळव्याच्या खळग्यातलं तेल टाळूवर थापते.
ती म्हणते नेत्ती. माझ्या मराठी कानाला
दर वेळी ऐकू येतं नेत्र.
वीस दिवस झाले, मी कान दुरुस्त करून घेतलेला नाही.

बेळगावात, कॉलेजात, कुलगोड मॅडमनी
भिंगाखाली धरला होता सरड्याचा माथा.
दोन डोळ्यांच्या मागे, मधोमध, एक खवला
बाकीच्यांहून फिका; त्यात टिंब.
कणी पाखडताना सुपात अडकून राहते, तेवढा.
"हा तिसरा."
मागच्या बाकावरून कुणीतरी शंकराचं नाव घेतलं, हशा झाला.
"यानं काही जळत नाही," मॅडम म्हणाल्या,
"दिसतसुद्धा नाही.
झाड नाही, माणूस नाही, पाटीवरचं अक्षर तर नाहीच.
उजेड आहे का गेला, एवढंच."
मी वहीत लिहिलं, एवढंच.
तीन मार्कांना यायचा तो प्रश्न.

सरड्याची धाव म्हणे कुंपणापर्यंत.
इथं कुंपण कुठवर, ते आजोबांच्या तरणेपणापासून ठरतंय.
तिठ्यावरच्या पाटीला डांबर लागतं, पुसलं जातं,
पुन्हा लागतं.
सरडा गडग्यावरच बसतो,
ऊन सरकेल तसा सरकत.

बाळ रात्रभर टक्क जागं, दिवसा गाढ.
उजेडाचा हिशेब त्याला अजून लागत नाही.
टाळूवर, कातडीखाली, काहीतरी उडतं, लप, लप.
तिथं डोळा नाही, मला ठाऊक आहे.
आपल्यातलं त्याचं भावंड केव्हाच आत बुडालं,
मेंदूच्या तळाशी बसून रात्री मोजतं.
तरी तेल घालताना माझं बोट
तिथं जरा हळू होतं.

परवा, शेवटचा तांब्या घालताना,
अंगणावरून काहीतरी गेलं.
गडग्यावर सरड्याच्या जागी नुसतं ऊन.
आणि तंगेव्वाचा तेलकट तळवा
बाळाच्या टाळूवर आडवा.

दोघींपैकी कुणीच वर बघितलं नव्हतं.

घार होती, संध्याकाळी भावकाण्णा सांगत आला.
त्याच्या कोंबडीचं एक पिल्लू गेलं.